हस्तलिखिताची सिद्धता आणि अनुवादकाची टीप : सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या शोधनिबंधाचे एक वाचन

तौलनिक साहित्याभ्यासाने प्रवासवर्णने, पत्रे, दैनंदिनी, इतकेच नव्हे तर जाहिरातीदेखील आपल्या कक्षेत घेतल्या. वैज्ञानिक शोधनिबंध मात्र बहुतांशी कक्षेबाहेरच राहिला. त्याला शैली नसते, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुतः नियतकालिकाकडे पाठविण्यासाठी हस्तलिखित सिद्ध करणे म्हणजे काय वगळावे, काय आधी सांगावे, कोणत्या भाषेत सांगावे आणि वाचक कोणाला मानावे, यांविषयीचे निर्णय घेणे होय. आणि हे सर्व निर्णय वाङ्मयीन स्वरूपाचे आहेत. पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये वैज्ञानिक निबंध ही एक प्रकारची लबाडी आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. संशोधन प्रत्यक्षात ज्या वाटेने घडते ती वाट निबंध झाकून टाकतो, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप रास्त आहे, परंतु ‘लबाडी’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. काही ना काही झाकल्याखेरीज कोणताच वाङ्मयप्रकार उभा राहत नाही. खरा प्रश्न असा की, जे झाकले जाते ते जाते कोठे? सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४ चा निबंध या प्रश्नाच्या संदर्भात वाचण्याजोगा आहे.

४ जून १९२४ रोजी ढाका विद्यापीठात प्रपाठक असलेल्या, तिशीतल्या बोस यांनी आपला एक इंग्रजी निबंध आल्बर्ट आइनस्टाइन यांच्याकडे पाठविला. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादित केला आणि ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’ या नियतकालिकाकडे दिला. तेथे तो २ जुलैला दाखल झाल्याची नोंद छापील निबंधावर आहे. प्लांकचा प्रारणविषयक नियम आणि प्रकाशपुंजाची, म्हणजे आजच्या भाषेत फोटॉनची, कल्पना हा त्याचा विषय. पाने चार. लेखक म्हणून केवळ ‘बोस’, आद्याक्षरेसुद्धा नाहीत. पुढे कंसात ढाका विद्यापीठ, भारत. या प्रकारात लेखकाला एवढीच जागा मिळते.

त्याने गमावलेली जागा सोबतच्या पत्रात सापडते. बोस तेथे स्वतःला आइनस्टाइन यांचा शिष्य म्हणवितात, परंतु लेखनातून शिकलेला शिष्य. आपण सर्वस्वी अपरिचित आहोत हे सांगून ते निबंध छापवून आणण्याची विनंती करतात. कलकत्त्याहून कोणी आपल्या सापेक्षतेवरील लेखांच्या अनुवादाची परवानगी मागितली होती, याचेही स्मरण ते देतात. मेघनाद साहा यांच्यासह केलेला तो इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये प्रसिद्ध केला होता. आणि याच पत्रात, आपला निबंध अनुवादित करण्याइतके जर्मन आपल्याला येत नाही, असेही ते कळवितात. जर्मनमधून व्यापक सापेक्षतेवरील लेख इंग्रजीत आणणारा अभ्यासक जर्मनमध्ये स्वतःची चार पाने लिहू शकत नाही, यात विसंगती नाही. वाचनाची भाषा आणि लेखनाची भाषा एक नसणे ही आपल्याकडील विद्याव्यवहाराची नित्याची स्थिती आहे. मराठी अभ्यासकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही.

निबंधात मात्र शिष्याचा मागमूस नाही. प्लांकच्या नियमाच्या आजवरच्या सर्व सिद्धता तर्कदृष्ट्या अपुऱ्या आहेत, असे तो प्रारंभीच सांगतो, आणि त्या सर्वांत खुद्द आइनस्टाइन यांची सिद्धताही येते. तिला ‘विलक्षण सुबक’ अशा आशयाचे विशेषण लावले आहे खरे, परंतु ते तिची मर्यादा दाखविण्याआधी. अनुवादकाला स्वतःची स्तुती आणि स्वतःवरील आक्षेप एकाच परिच्छेदात स्वहस्ते उतरवावे लागल्याचे असे उदाहरण साहित्याच्या इतिहासातही सहसा आढळणार नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण काय साधले आहे, हे बोस पत्रात स्पष्ट सांगतात : प्लांकच्या नियमातील एक गुणक अभिजात विद्युत्‌गतिशास्त्राचा आधार न घेता काढला. हा त्यांचा घोषित दावा. परंतु पुढील काळाने त्या निबंधात जे वाचले ते निराळेच होते. बोस यांनी प्रावस्था-अवकाशाचे सूक्ष्म कोष कल्पिले. आणि कोणता पुंज कोणत्या कोषात आहे हे न विचारता, किती कोष रिकामे, किती कोषांत एक पुंज, किती कोषांत दोन, एवढेच मोजले. या मोजणीत पुंजांना स्वतंत्र ओळख उरत नाही. पुंजसांख्यिकीचा आरंभ येथे आहे. निबंधात मात्र या पायरीवर निवेदक थांबत नाही, समर्थन देत नाही, हे नवे आहे असे सूचितही करत नाही. सर्वांत क्रांतिकारक वाक्य सर्वांत निर्विकार स्वरात येते. आइनस्टाइन यांनी जानेवारी १९२५ मध्ये प्रशियन अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात, एरेनफेस्ट आणि इतर सहकाऱ्यांच्या टीकेचा उल्लेख करून, हे पुंज एकमेकांपासून सांख्यिकीदृष्ट्या स्वतंत्र मानलेले नाहीत ही गोष्ट बोस यांच्या व आपल्या लेखांत वेगळी दाखवून दिलेली नव्हती, हे मान्य केले. मेडावर यांच्या आक्षेपाची दुसरी बाजू येथे दिसते. निबंधाने काही लपविले, पण लेखकाने हेतुतः नव्हे. संहितेत दाव्यापेक्षा अधिक होते, आणि साच्याने त्या अधिकाला नाव दिले नाही. कवितेच्या बाबतीत ही गोष्ट आपण सहज स्वीकारतो.

अनुवादकाने निबंधाच्या शेवटी एक छोटी टीप जोडली. बोस यांची सिद्धता ही महत्त्वाची प्रगती आहे आणि हीच पद्धत आदर्श वायूलाही लागू पडते, हे आपण अन्यत्र विशद करू, असा तिचा आशय. ही टीप म्हणजे या निबंधाची पहिली समीक्षा होय. आणि ती लेखकाने न पाहिलेल्या दिशेला बोट दाखविते. त्याच वर्षी बोस यांचा दुसरा निबंधही आइनस्टाइन यांनी अनुवादित केला, तेव्हा मात्र टीपेत त्यांनी आपली असहमती नोंदविली. एकाच मुद्रित संहितेत लेखक आणि त्याचा विरोधक, आणि विरोधकच अनुवादक!

आपल्या मराठी शोधलेखनाविषयी येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ‘पाहणी करण्यात आली’, ‘असे आढळून आले’ ही कर्त्याला पडद्याआड नेणारी रचना आपण वस्तुनिष्ठतेची खूण मानतो. तिच्यात प्रयोगशाळेपेक्षा शासकीय परिपत्रकाचा सूर अधिक ऐकू येतो, असे माझे मत आहे. आक्षेप घेताना ‘मला वाटते’ म्हणण्याची सोय तिने काढून घेतली. बोस यांना भाषेचा हा प्रश्न कळत होता. १९४८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बंगीय विज्ञान परिषद स्थापन झाली, तिचे ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक निघाले. मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये उभी राहिली. दोन्ही ठिकाणी विज्ञान लोकांपर्यंत नेण्यावर भर राहिला. नवे संशोधन पहिल्यांदा बंगालीत किंवा मराठीत मांडण्याचा संकेत मात्र रुजला नाही.

आता मूळ संहितेविषयी. निबंधात एका ठिकाणी कोषांची संख्या दोनने गुणावी लागते. छापील जर्मन पाठात त्याचे कारण प्रकाशाचे ध्रुवण असे दिले आहे. सी. व्ही. रामन आणि एस. भगवंतम् यांनी १९३१ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मधील आपल्या निबंधात बोस यांच्या खाजगी निवेदनाचा हवाला देऊन वेगळे लिहिले : पुंजाला स्वतःचे परिवलन असू शकते, अशी कल्पना बोस यांच्या मनात होती. हस्तलिखितात ती होती आणि अनुवादात बदलली गेली, अशी आठवण बोस यांनी उत्तरायुष्यात सांगितल्याच्या नोंदी आहेत. पडताळा कसा घ्यावा? इंग्रजी हस्तलिखित अभ्यासकांच्या हाती नाही. ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’ने १९७६ मध्ये जो इंग्रजी पाठ छापला तो जर्मनवरून केलेला अनुवाद आहे. इंग्रजीत लिहिलेला निबंध आज इंग्रजीत वाचायचा तर असा उलट वाटेनेच वाचावा लागतो, आणि ‘दोन’ या अंकामागचा शब्द नेमका कोणाचा, हे त्या दोन्ही पाठांवरून ठरत नाही.