नाकारलं, पण का? कलासंस्थांच्या निवडीविषयी



आजचा विषय चित्रांचा आहे, पण चित्रांपेक्षा जास्त दारांचा आहे. चित्रकारांची एखादी संस्था असते. ती दरवर्षी प्रदर्शन भरवते. त्या प्रदर्शनात कोणाचं चित्र लागेल आणि कोणाचं परत जाईल, हे कोणीतरी ठरवतं. ते कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि ज्याचं चित्र परत जातं त्याला काय सांगितलं जातं, एवढ्या तीनच प्रश्नांवर आम्ही बोलणार आहोत. अमरावती-अकोल्याकडच्या तरुण चित्रकारांना हे प्रश्न नवे नाहीत. चित्र फ्रेम करायचं, बांधायचं, मुंबईला पाठवायचं, प्रवेश फी भरायची, आणि मग एका यादीत आपलं नाव शोधायचं. नाव नसलं की संपलं. यादी काही बोलत नाही.

आधी आपल्या शंकरपटाकडे बघू. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं तळेगाव दशासर पटासाठी सगळ्या विदर्भाला माहीत आहे. पटात जोडी धावते आणि घड्याळ सांगतं, किती सेकंद लागले. हरलेला मालक चिडेल, बैलाला दोष देईल, वाटेला दोष देईल, पण आपण का हरलो हे त्याला ठाऊक असतं. चित्राला असं घड्याळ नाही. तिथे माणसाची नजरच घड्याळ असते. म्हणून त्या नजरेनं स्वतःचा हिशेब द्यायला हवा, असं आमचं म्हणणं आहे. बाकीचं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचा विस्तार समजा.

याच तळेगाव दशासरला 1917 साली हरी अंबादास गाडे जन्मले. आपल्या जिल्ह्याचा हा माणूस पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या पहिल्या सहा जणांपैकी एक झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे. पहिल्या चारांची नावं लोक पटकन घेतात, बाकऱ्यांशी थोडे अडखळतात, आणि गाड्यांशी बहुतेक वेळा थांबतात. मूळचे विज्ञानाचे पदवीधर. चित्रकला शिकले नागपूरच्या कलाशाळेत. निसर्गचित्रं करता करता त्यांनी घरं, टेकड्या, झाडं यांचे सपाट रंगाचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांची बांधणी केली. हुबेहूब दृश्याला मार्क देणाऱ्या परीक्षकापुढे असं चित्र ठेवा. तो म्हणेल, हे अपुरं राहिलंय. अपुरं राहिलंय की मुद्दाम सोडलंय, हा फरक ओळखायला वेगळी नजर लागते.

त्या काळी नजर कोणाची होती? मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून होती. सुरुवातीला तिच्यावर युरोपीय मंडळींचा वरचष्मा होता, तरी तिनं 1895 साली धुरंधरांना सुवर्णपदक दिलं, हेही नोंदवलं पाहिजे. म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. पण दाराची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न होताच, आणि 1918 साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही दुसरी संस्था उभी राहिली. एका संस्थेत जागा अपुरी पडली की दुसरी संस्था काढायची, ही आपली जुनी रीत. साहित्य संस्थांचं आणि नाटक मंडळ्यांचंही तेच झालेलं आपण पाहिलंय.

इथे एक घोटाळा दूर करू. अशा संस्थांत ‘सभासद’ या शब्दाचे दोन अर्थ असतात. एक वर्गणी भरणारा सभासद. आपल्याकडच्या जुन्या संस्थांत सभासदत्व वर्गणीवर मिळतं आणि प्रदर्शनाची निवड वेगळी होते. सभासद नसलेल्यालाही प्रवेशिका भरता येते. दुसरा अर्थ परदेशातल्या काही मंडळांमध्ये आहे. तिथे आधी साधा सभासद व्हायचं, मग आपली काही चित्रं जुन्या सभासदांच्या समितीपुढे मांडायची, आणि त्यांनी मान्य केलं तरच ‘प्रदर्शन करणारा सभासद’ म्हणून नाव लागतं. एकदा लागलं की बहुतेक ठिकाणी ते कायमचं. पद्धती दोन, पण मूळ प्रश्न एकच: आतले लोक बाहेरच्याला पारखतात. आतल्यांना कोण पारखतं?

अमृता शेर-गिल यांचं उदाहरण घ्या. 1935 साली त्यांनी सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीकडे दहा चित्रं पाठवली. पाच परत आली. घेतलेल्या पाचांपैकी एकाला बक्षीस मिळालं आणि त्यांनी ते नाकारलं. लोक याला स्वाभिमान म्हणतात, कोणी अहंकार म्हणतं. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बक्षीस देणाऱ्यांचं कारणही आपल्याला माहीत नाही आणि चित्रं परत करणाऱ्यांचंही नाही. मग बक्षिसाला तरी अर्थ काय उरला? दोनच वर्षांनी, 1937 साली, बॉम्बे आर्ट सोसायटीनं त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. चित्रकार तीच, काळ जवळजवळ तोच. बदलली ती पारखणारी माणसं.

आता गाड्यांकडे परत येऊ, कारण आमच्या मुद्द्याला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट तिथेच आहे. 1947 साली सूझा, रझा आणि आरा यांनी नवा गट काढायचं ठरवलं. तिघांनी एकेक माणूस आणायचा असं ठरलं. सूझांनी हुसेनना आणलं, आरांनी बाकऱ्यांना, आणि रझांनी गाड्यांना. रझाही नागपूरच्या त्याच कलाशाळेत शिकलेले. म्हणजे जुन्या संस्थांच्या निवडीला कंटाळलेल्या बंडखोरांनी स्वतःची निवड कशी केली? ओळखीनं. ना प्रवेशिका, ना समिती, ना मतदान.

आणि निवड कशी निघाली? उत्तम निघाली. हे कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नियमावलीनं चालणाऱ्या समितीला जे क्वचित जमतं, ते तीन मित्रांनी एका बैठकीत केलं. त्यामुळे ‘ओळख वाईट आणि परीक्षा चांगली’ असं सोपं समीकरण आम्ही मांडणार नाही. ओळखीत एक मोठा गुण असतो. ओळखणाऱ्यानं एक चित्र पाहिलेलं नसतं, माणसाचं चार-पाच वर्षांचं काम पाहिलेलं असतं. समिती एका दुपारी शेकडो चित्रांसमोरून चालत जाते.

पण ओळखीची पोच किती? रझांना गाडे सापडले कारण गाडे नागपूरला पोहोचले होते. ते तळेगावलाच राहिले असते तर? हा प्रश्न कल्पनेचा नाही. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर इथे आजही चांगलं काम करणारे लोक आहेत, ज्यांना ‘आणणारा’ कोणी नाही. पहिल्या सहा जणांत एकही स्त्री नव्हती, हेही त्याच ओळखीचं गणित. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजे पुढच्या भानू अथैया, गटाच्या प्रदर्शनात आल्या त्या 1953 साली. मित्रांच्या बैठकीत जे बसलेले असतात त्यांनाच मित्र आठवतात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, आणि म्हणूनच तो दोष लवकर दिसत नाही.

गंमत अशी की या बंडखोरांचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन 1949 साली भरलं ते रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच दालनात. उद्घाटनाला मुल्कराज आनंद. ज्या घराशी भांडण, त्याच घराची ओसरी. यावरून कोणी बंडखोरांना हसेल. आम्हाला उलट संस्थेचं कौतुक वाटतं. निवडीत चुकणारी संस्थाही भिंत द्यायला तयार असेल तर चूक दुरुस्त व्हायला जागा राहते.

मग निवडच नको, सगळ्यांना घ्या, असं कोणी म्हणेल. तेही करून झालंय. पॅरिसमध्ये 1863 साली सरकारी प्रदर्शनानं इतकी चित्रं परत केली की ओरड झाली, आणि सम्राटानं नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. लोक हसायला आले, पण माने यांचं चित्र लोकांनी पाहिलं ते तिथेच. पुढे 1884 साली तिथल्याच स्वतंत्र कलावंतांनी परीक्षकही नकोत आणि बक्षिसंही नकोत असं ठरवून संस्था काढली. त्याच धर्तीवर न्यूयॉर्कला 1916 साली एक संस्था निघाली. सहा डॉलर भरा, तुमची कलाकृती लागणार. कोणीतरी चिनी मातीची मुतारी पाठवली, खाली ‘आर. मट’ अशी सही. मंडळ गडबडलं आणि ती कलाकृती काही मांडली गेली नाही. मागे मार्सेल द्युशाँ होते, आणि ते स्वतःच त्या मंडळावर होते. त्यांनी राजीनामा दिला. यावरून आम्ही एवढंच समजतो की ‘निवड नाही’ असं म्हणणाऱ्या घरातही निवड असते. फक्त ती कोणी केली आणि का केली, हे तिथे विचारताही येत नाही, कारण ती झालीच नाही असं सगळे म्हणत असतात.

आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मंडळांतही हाच प्रकार वेगळ्या रूपात होतो. सगळे आपलेच, कोणाला नाही म्हणायचं? भिंत जमिनीपासून छतापर्यंत भरते. पाहुणे येतात, दीप लावतात, हार घालतात, फोटो होतात. चित्रासमोर दोन मिनिटं कोणी थांबत नाही. ज्याला नाकारलं नाही त्याच्याकडेही कोणी पाहिलं नाही. हा नकारापेक्षा वाईट अपमान आहे, असं आम्हाला वाटतं.

आता या गावाकडे येऊ. महानुभाव पंथात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या इथेच, रिद्धपुरात, तेराव्या शतकात. ऐकीव गोष्ट सरळ उतरवली असं झालं नाही. ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जायचं, विचारायचं, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. म्हणजे निवड होती, कडक होती. पुढे मूळ पोथी हरवली आणि ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, तेव्हा पाठ वेगवेगळे निघाले. तेव्हा काय केलं? कोणाचा पाठ कोणता, हे नावानिशी राहिलं. हिराइसेचा पाठ हा हिराइसेचा म्हणून ओळखला जातो. जे एकाला पटलं नाही तेही पुसून टाकलं नाही. आज त्या ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्याला निवडीचा माग काढता येतो तो यामुळेच. आता इथे मराठी भाषेचं विद्यापीठ झालंय, आणि पाठभेद म्हणजे काय हे इथल्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगायला नको.

चित्र म्हणजे साक्ष नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. चित्राचं खरं-खोटं नागदेवाचार्यांनाही ठरवता आलं नसतं. पण पद्धत उचलता येते: निवडणाऱ्याचं नाव, निवडीचं कारण आणि मतभेदाची नोंद.

वऱ्हाडात कोणी चित्रकारांचं मंडळ चालवत असेल किंवा काढणार असेल, तर त्यांच्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, एका चित्रावर सभासद ठरवू नका. पाच चित्रं मागा, त्यात निदान दोन जुनी असू द्या, म्हणजे ओळखीतून जे दिसतं ते अनोळखी माणसाचंही दिसेल. दोन, परीक्षकांची नावं आधी जाहीर करा आणि दरवर्षी निदान एक बाहेरचा असू द्या. स्वतःच्या विद्यार्थ्याचं काम आलं की परीक्षकानं उठून बाजूला बसावं. तीन, ज्याला नाही म्हणाल त्याला दोन ओळी लिहा. चार, आतल्यांनीही दर पाच वर्षांनी आपलं काम पुन्हा मांडावं. कायमचं सभासदत्व ही पेन्शन आहे, आणि पेन्शनवर असलेल्या माणसानं नोकरीच्या मुलाखती घेऊ नयेत.

दोन ओळी लिहायला वेळ कुठे आहे, असं परीक्षक म्हणतात. मोठ्या प्रदर्शनात शेकडो प्रवेशिका येतात, तिथे ही अडचण खरी आहे. पण सभासद करून घेताना वर्षाला दहा-वीस अर्ज असतात. वीस माणसांना दोन ओळी म्हणजे एका संध्याकाळचं काम. खरी अडचण वेळेची नाही. कारण लिहिलं की ते चुकीचं ठरू शकतं, आणि दहा वर्षांनी कोणी तो कागद दाखवू शकतं. ‘रेखाटन कच्चं आहे’ असं लिहिलं आणि पुढे तोच माणूस गाडे निघाला तर? तर तो कागद आपल्या नजरेचा पाठभेद म्हणून राहील. त्यात लाज कसली?

ज्याला तो कागद मिळतो त्याचं काय होतं, एवढं सांगून थांबतो. कारण चुकीचं असलं तरी त्याच्याशी भांडता येतं. ‘तुम्ही म्हणता रेखाटन कच्चं, मी ते मुद्दाम मोडलंय,’ असं म्हणायला समोर काहीतरी लागतं. नुसत्या यादीशी कोण भांडणार? आमच्या पाहण्यातली वऱ्हाडातली किती तरी चांगली पोरं-पोरी तिशीच्या आत रंग बाजूला ठेवतात. नकारानं माणूस मोडतो असं नाही. शेतकऱ्याची पोरं आहेत, नकार पचवतात. पण तीन-चार वेळा कारणाशिवाय चित्र परत आलं की त्यांना वाटायला लागतं, कोणी पाहिलंच नसावं. त्यांचा तो संशय खोटा ठरवणं, एवढं तरी संस्थांच्या हातात आहे.