नित्यनेम आणि प्रसाद : दासबोधांतील एका विरोधाचा विचार

समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांविषयीं अशी एक आख्यायिका आहे कीं, ते सर्व २०५ श्लोक त्यांनीं एका रात्रींत सांगितले. ही आख्यायिका आमच्या घरांतील लहान मुलांसहि ठाऊक असते. परंतु त्याच समर्थांचा दासबोध, म्हणजे २० दशक व २०० समास मिळून सुमारें ७,७५० ओंव्यांचा ग्रंथ, किती वर्षें बैठक मारून सिद्ध झाला असेल, हा प्रश्न क्वचितच कोणास सुचतो. उलट मुलाच्या अभ्यासाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र रोज थोडें तरी लिहावें हा समर्थांच्याच नांवावरील उपदेश आम्ही लगबगीनें पुढें करतों. प्रतिभेचें कौतुक करावयाचें तेव्हां एक रात्र, आणि परीक्षेची काळजी वाटूं लागली म्हणजे रोजचा नेम! एकाच ग्रंथकाराला आम्ही लावलेलीं हीं दोन मापें परस्परांशीं जुळतात किंवा नाहीं, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

हा विषय आज चर्चेस घेण्यास कारणहि तसेंच आहे. ‘उत्पादकता’ हा कारखान्यांतला शब्द आतां लेखनाच्या मेजावर आणि विद्यार्थ्याच्या खोलींतहि येऊन बसला आहे. पहांटे अमुक वाजतां उठा, अमुक मिनिटें लिहा, दिनक्रमाचा तक्ता भिंतीवर टांगा, म्हणजे काम दुप्पट होईल आणि कल्पनाशक्तीहि आपोआप फुलेल, असें सांगणाऱ्या पुस्तकांस तोटा नाहीं. महाराष्ट्रांत अशा उपदेशास समर्थांचा आधार सहज मिळतो. तो आधार कितपत खरा आहे?

प्रथमदर्शनीं तो पूर्ण खरा वाटतो. दासबोधाच्या अकराव्या दशकांतील तिसऱ्या समासांत एका दिवसाचा क्रमच घालून दिला आहे. पहांटे उठून आधीं पाठांतर करावें. बाहेर गेलें तर परत येतांना रिकाम्या हातानें येऊं नये. कांहीं मिळवावें आणि मग जेवावें. भोजनानंतर वाचन व चर्चा करावी आणि एकांतांत जाऊन ग्रंथांचा विचार करावा. एक क्षणहि वायां जाऊं न देणें हेंच भाग्यवंताचें लक्षण, असा त्याचा मथितार्थ आहे. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासांत तर लेखनाची सामग्रीच समर्थ तपासतात. अक्षर घोटून घोटून वळणदार करावें, ओळींतील अंतर सारखें असावें, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सर्व ग्रंथ एकाच टांकानें लिहिल्यासारखा दिसावा. पानाच्या कडेस मोकळी जागा ठेवावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जाणार नाहीं. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण तें म्हातारपणीं वाचतां येत नाहीं! संतवाङ्मयांत इतका व्यवहारी उपदेश दुसरीकडे शोधूनच काढावा लागेल.

परंतु याच ग्रंथाच्या चौदाव्या दशकांतील तिसरा समास उघडला म्हणजे वाचकास थबकावें लागतें. तेथें कवित्वाचे तीन प्रकार केले आहेत : ढीठ, पाठ आणि प्रासादिक. मनास येईल तें धिटाईनें जुळवून टाकणें तें ढीठ कवित्व. पुष्कळ ग्रंथ पाठ करून त्यांच्या वळणावर, दिसेल त्या विषयावर झटपट रचना करणें तें पाठ कवित्व. आणि ज्यास धनाची वा मानाची हांव नाहीं, ज्याच्या अंतरांत भगवंताचा ध्यास आहे, तो सहज बोलला तरी जें कवित्व होतें तें प्रासादिक. समर्थांचा कौल अर्थात् तिसऱ्याच्याच बाजूस आहे.

विरोध आहे तो येथें. ज्या पाठांतरानें दिवसाचा आरंभ करावयास सांगितलें, त्याच पाठांतरांतून निपजलेल्या कवित्वास ‘पाठ’ म्हणून खालची पायरी दिली! मग रोजच्या अभ्यासाचें फळ तें काय? समर्थांस दोनहि गोष्टी एकाच वेळीं कशा सांगवल्या?

याचें उत्तर समासांच्या तुलनेंत शोधण्यापेक्षां ग्रंथाच्या घडणींत शोधावें असें आम्हांस वाटतें. सहाव्या दशकाच्या चौथ्या समासांत कलियुगाचीं ४,७६० वर्षें लोटल्याचा उल्लेख आहे. त्यावरून तो भाग १६५९ च्या सुमाराचा ठरतो. परंपरा या ग्रंथाच्या लेखनाचें स्थान शिवथरची घळ सांगते; ती घळ आज रायगड जिल्ह्यांत असली तरी शिवकाळीं तो मुलूख जावळीचाच होता. पुढें १६७६ पासून १६८२ सालीं देह ठेवीपर्यंत समर्थांचें वास्तव्य सज्जनगडावर झालें, आणि ग्रंथाचे अखेरचे दशक त्या उत्तरकाळचे मानले जातात. म्हणजे हा ग्रंथ एका आवेशांत लिहिलेला नव्हे. सरासरी ३९ ओंव्यांचा एक समास, म्हणजे एका बैठकींत सांगून लिहवून घेतां येईल एवढेंच माप. समास हें दासबोधाचें नुसतें प्रकरण नसून तें एका दिवसाचें काम आहे, असें त्याचा घाट पाहून म्हणावेंसें वाटतें.

या घडणीचे गुण आणि दोष दोन्ही ग्रंथांत स्पष्ट उतरले आहेत. कोणताहि समास उघडावा, तो स्वतःपुरता पुरा असतो. विषयाची मांडणी कोठें ढिली पडत नाहीं. पण त्याच कारणानें पुनरुक्ति फार. लक्षणांच्या याद्या एकामागून एक येतात, आणि कित्येक ठिकाणीं ओंवी ही केवळ गद्याची सोय झाली आहे. स्पष्टच बोलावयाचें तर समर्थांनींच सांगितलेल्या कसोटीवर दासबोधाचा बराच भाग प्रासादिक ठरणार नाहीं. प्रसाद पाहावयाचा तर करुणाष्टकांकडे वळावें. तेथें उपदेशक नाहीं, यादी नाहीं. आपल्या उणेपणानें कळवळलेला एक जीव आहे, आणि त्याचे शब्द सांगून आणलेले वाटत नाहींत. दोन्ही कृति एकाच पुरुषाच्या. नेमानें शास्त्र उभें राहिलें. काव्य त्याच नेमाच्या सावलींत, पण आपल्या वेळेस आलें.

ज्या मुलखांत समर्थ वावरले त्या मुलखाच्या शेतींतच या विरोधाचा उलगडा आहे. सज्जनगडाखालच्या उरमोडीच्या खोऱ्यांतून उत्तरेस डोंगर ओलांडला कीं वेण्णेचें खोरें लागतें. जावळी तालुक्याचें ठाणें जें मेढा, तें या वेण्णेच्या कांठीं आहे. हा भाताचा आणि धो धो पावसाचा प्रदेश. येथल्या जुन्या वहिवाटीप्रमाणें शेतकरी उन्हाळ्यांतच पालापाचोळा, काटक्या व शेण एका तुकड्यावर पसरून राब भाजतो. भाजलेल्या जमिनींत तण उरत नाहीं, तेथें तरवा चांगला उठतो, आणि पाऊस लागला म्हणजे चिखल करून त्याची लावणी होते. राब भाजल्यानें पाऊस पडत नाहीं, हें त्या शेतकऱ्यास पक्कें ठाऊक असतें. पण राब न भाजतां पाऊस आला तर तो त्याच्या उपयोगी पडत नाहीं, हेंहि त्यास तितकेंच ठाऊक असतें. समर्थांचा नित्यनेम हा राब आहे. प्रसाद हा पाऊस आहे. राबालाच पीक समजणें ही आजच्या उत्पादकतेच्या उपदेशकांची चूक. आणि पावसाची वाट पाहत पडवींत बसून राहणें ही आमच्या हौशी कवींची.

अर्वाचीन काळांतील एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. लोकमान्य टिळकांनीं गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत, अवघ्या कांहीं महिन्यांत लिहिलें. एवढेंच सांगून थांबलें तर ती दुसरी एका रात्रीची आख्यायिका होईल. परंतु त्यांचा गीतेशीं पहिला परिचय १८७२ सालीं, वडिलांच्या अखेरच्या दुखण्यांत त्यांस गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवितांना झाला होता. मध्यें जवळजवळ ४० वर्षांचें वाचन आणि मनन आहे. लिहिण्याचा हंगाम लहान होता. राब मात्र फार दिवसांचा होता.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, एकांत, पाठांतर आणि वाचन या सर्व फुरसतीच्या माणसांच्या गोष्टी झाल्या. ज्यास दिवसाची एक घटकाहि आपली म्हणतां येत नाहीं त्यानें काय करावें? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर आमच्या आज्यापणज्यांनीं आधींच देऊन ठेवलें आहे. जात्यावर बसलें म्हणजे ओंवी सुचते, अशी म्हण आहे. पहांटेचें दळण हें कोणीं हौसेनें लावून घेतलेलें वळण नव्हतें. तें चुकवितां न येणारें कष्टाचें काम होतें. पण हात खुंट्याला गुंतले कीं मन मोकळें होई, आणि त्या मोकळ्या मनानें माहेर, भाऊ, पंढरी व सासुरवास यांची जी कविता रचली तिला मोजदाद नाहीं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें धन गोळा करावयास घेतलें, तेव्हां त्यांच्या संग्रहांत १ लाखावर ओंव्या जमा झाल्या. आणि पिठाची गिरणी गांवोगांव पोंचतांच काय झालें? बाईचे कष्ट वांचले, हें चांगलेंच झालें. त्याबद्दल हळहळणारा माणूस कधीं जात्यावर बसलेला नसतो. पण नवी ओंवी रचणें हळूहळू थांबलें. रोजची ती ठराविक वेळ व हातांची ती लय गेली, आणि तिच्याबरोबर प्रसादाची वाटहि बुजली. समर्थांच्या दोन समासांमधील दुवा याहून स्पष्ट करून दाखविणारा पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

यावरून नेमाचेंहि दोन प्रकार मानावे लागतात. एक नेम मन भरून टाकतो. दुसरा मन मोकळें करतो. दासबोधांतील दिनक्रमांत वाचन आणि चर्चा यांच्या मागून एकांत येतो, हें वाचकांनीं विसरूं नये. क्षण वायां दवडूं नये असें बजावणाऱ्या ग्रंथकारानें एकांतास दिवसांत ठराविक जागा दिली, म्हणजे एकांताचा वेळ त्याच्या लेखीं वायां गेलेला नव्हताच. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून मात्र समर्थांचा अर्धाच दिनक्रम पाळला जातो. पाठांतर आहे, शिकवणी आहे, गाण्याचा आणि चित्रकलेचा वर्गहि आहे. एकांत तेवढा नाहीं. अशा नेमांत वाढलेला मुलगा हुशार निघेल, विचाराल त्या विषयावर दोन पानें लिहून देईल. पण समर्थांच्या वर्गवारींत त्याचें लेखन पाठ या सदरांतच पडेल, आणि तो दोष मुलाचा असणार नाहीं.

तात्पर्य, दासबोधांत विरोध नाहीं. आमच्या वाचनांत मात्र तो आहे, कारण जो समास सोयीचा तेवढाच आम्ही वाचतों. अकराव्या दशकाची शिकवण मुलांच्या हातीं देणाऱ्या आईबापांनीं चौदाव्या दशकांतील कवित्वाचा समासहि एकदां त्यांच्यासह बसून वाचावा. आणि त्यानंतर भिंतीवरील तक्त्यांत एखादा तास कांहींच न लिहितां कोरा सोडतां येतो का, तें पाहावें.