प्रमाणपत्र आणि प्रमाण : इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या विचारातील एक विसंगती

याज्ञवल्क्यस्मृतीत लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन मानुष प्रमाणे सांगितली आहेत. १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमानेही तोंडी पुरावा आणि दस्तऐवजी पुरावा असे दोन भाग केले होते. अशा विभागणीचे महत्त्व केवळ वर्गीकरणापुरते नसते, कारण प्रमाणाचा प्रकार बदलला की त्याच्या परीक्षेची रीतही बदलते. लेखाची परीक्षा अक्षर, सही आणि मूळ प्रत यांवरून होते. साक्षीदाराची परीक्षा त्याला प्रश्न विचारून होते. संगणक, भ्रमणध्वनी, कॅमेरा यांनी निर्माण केलेला अभिलेख या विभागणीत सहजासहजी बसत नाही. रूपाने तो लेख असतो. पण अमुक वेळी अमुक घडले असे तो सांगतो तेव्हा त्याचे कार्य साक्षीदाराचे असते. भारतीय कायद्याने गेल्या पाव शतकात या अभिलेखाच्या लेखरूपाचीच चिंता वाहिली आणि त्याच्या साक्षीरूपाकडे दुर्लक्ष केले. न्यायनिर्णयांत दिसणाऱ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

ही उपेक्षा पूर्वीपासून नव्हती. ध्वनिफितीचा पुरावा प्रथम न्यायालयापुढे येऊ लागला तेव्हा त्यासाठी कोणतेही विशेष कलम नव्हते. युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६७ साली निर्णीत झालेल्या मुंबईतील लाचेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफीत ग्राह्य मानली. परंतु ती पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे, असेही बजावले. त्या प्रकरणात ध्वनिमुद्रण मोहोरबंद केलेले नव्हते. न्यायालयाने ही उणीव नजरेआड केली नाही. ध्वनिमुद्रणाची वेळ, स्थळ व अचूकता जाणत्या साक्षीदाराकडून शाबीत व्हावी, आवाज ओळखले जावेत आणि फेरफाराची शंका उरू नये, या कसोट्या लावूनच त्याने तो पुरावा स्वीकारला. पुढे १९८५ साली राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग या निवडणूक प्रकरणात याच कसोट्या अधिक व्यवस्थितपणे मांडल्या गेल्या. या सर्व प्रश्नांचा रोख एकच आहे : हे यंत्र जे सांगते त्यावर विश्वास का ठेवावा?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये पुरावा अधिनियमात कलम ६५-ब समाविष्ट झाले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. हे कलम बव्हंशी इंग्लंडच्या १९६८च्या दिवाणी पुरावा अधिनियमातील पाचव्या कलमाचे अनुकरण होते. संगणकाचा वापर नियमित होता काय, माहिती नित्याच्या व्यवहारात त्यात भरली जात होती काय, यंत्र नीट चालत होते काय, अशा अटी त्यात आहेत. जबाबदार अधिकारपदावरील व्यक्तीने सही केलेल्या प्रमाणपत्राने त्यांची पूर्तता दाखविता येते, आणि त्यातील विधाने ‘आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे’ केलेली असली तरी पुरेशी ठरतात. ही कल्पना मोठ्या कचेरीत एकच अवाढव्य संगणक असे त्या काळातील आहे. नोंदी अनेक यंत्रांतून आणि अनेक संस्थांच्या जाळ्यातून फिरू लागल्यावर, एका सहीने त्या सर्वांची ग्वाही कशी द्यावी, याचे उत्तर कलमात सापडत नाही.

त्यानंतरची न्यायालयीन चर्चा प्रमाणपत्र अनिवार्य आहे की नाही, याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, २००५ साली, दूरध्वनी संभाषणांच्या नोंदी प्रमाणपत्रावाचूनही दुय्यम पुराव्याच्या सर्वसाधारण नियमांनी शाबीत करता येतील, असे ठरले. २०१४ साली केरळातील एका निवडणूक याचिकेतून उद्भवलेल्या अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात हे मत रद्द होऊन प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. २०१८ साली शफी मोहम्मद प्रकरणात, उपकरण ज्याच्या ताब्यात नाही अशा पक्षकाराला न्यायाच्या हितार्थ सूट देता येईल, असे सांगण्यात आले. अखेर १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अन्वर निर्णयाची पुनःस्थापना केली. म्हणजे पंधरा वर्षांत हे दार उघडले, मिटले, किलकिले झाले आणि पुन्हा मिटले. दारातून आत आलेल्या पुराव्याची पारख कशी करावी, हा विषय मात्र यांपैकी एकाही निर्णयाचा मध्यवर्ती विषय झाला नाही.

शेवटचे प्रकरण जालन्याचे आहे आणि विसंगती सर्वांत स्पष्टपणे तेथेच दिसते. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांच्या फरकाने लागला. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाले होते काय, हा वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. याचिकाकर्त्याने वारंवार मागणी करूनही शासकीय यंत्रणेकडून प्रमाणपत्र मिळाले नाही. तथापि, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून चित्रीकरणाच्या व्यवस्थेविषयी उलटतपासणीत उत्तरे दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या साक्षीत कलमाची पुरेशी पूर्तता पाहिली आणि नोव्हेंबर २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पण तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. पक्षकाराने शक्य ते सर्व केले होते, अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही, आणि उच्च न्यायालयाचा निष्कर्ष अन्य पुराव्यावरही उभा होता, या कारणांनी अपील फेटाळण्यात आले.

निकाल न्याय्य आहे. त्यामागील सिद्धांत मात्र चिंतनीय आहे. शपथेवर दिलेली आणि उलटतपासणीच्या कसोटीतून गेलेली साक्ष अपुरी, आणि माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे सही केलेला कागद पुरेसा, असा क्रम त्यातून निष्पन्न होतो. पुरावाशास्त्राच्या कोणत्याही परंपरेला हा क्रम उलटा वाटेल. प्रमाणपत्र हे साक्षीचा संक्षेप म्हणून जन्मास आले. येथे संक्षेप टिकला आणि ज्याचा तो संक्षेप, ती साक्षच बाजूला पडली.

न्यायालयाच्या बाजूने दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. कलमाची भाषा आज्ञार्थी होती आणि ती सैल करणे हे विधिमंडळाचे काम आहे. शिवाय प्रत्येक खटल्यात दूरध्वनी कंपनीच्या अभियंत्याला पाचारण करणे व्यवहार्य नाही. आरोपीविरुद्ध कोणीही कसलीही प्रत आणून ठेवू नये, यासाठी प्रमाणपत्राचा उंबरठा उपयुक्तच आहे. मूळ उपकरण सादर करून त्याच्या मालकाने साक्ष दिल्यास प्रमाणपत्र नको, असेही याच निर्णयाने सांगितले आहे. आक्षेप उंबरठ्याला नाही. उंबरठा ओलांडला म्हणजे परीक्षा संपली, या समजुतीला आहे.

उंबरठाच काढून टाकल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. इंग्लंडने १९६८चे ते कलम १९९५च्या अधिनियमाने रद्द केले आणि फौजदारी खटल्यांतील समांतर तरतूद १९९९च्या अधिनियमाने मोडीत काढली. त्यानंतर यंत्र नीट चालत होते असे गृहीत धरले जाऊ लागले. शंका उपस्थित करण्याचा भार आरोपीवर आला. टपाल खात्याच्या ‘होरायझन’ संगणकप्रणालीच्या नोंदींवरून शाखा चालविणाऱ्या शेकडो उप-टपालप्रमुखांना चोरी व खोटे हिशेब यांबद्दल दोषी ठरविले गेले. या प्रणालीतील दोष २०१९च्या दिवाणी निर्णयात उघड झाले, एप्रिल २०२१मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली आणि २०२४ साली संसदेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. यंत्राच्या अंतरंगाची माहिती एका पक्षाकडे आणि संशय सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर, अशी ती स्थिती होती. एका देशाने कागदावर विसंबून आणि दुसऱ्याने गृहीतकावर विसंबून यंत्राची उलटतपासणी टाळली.

१ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ने कलम ६३मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत : एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा. अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे त्यातील संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, नोंदविणे आता आवश्यक झाले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, कारण एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. तरीही दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. नमुन्यात निर्देशिलेल्या पद्धतींपैकी एमडी-५ आणि एसएचए-१ या दोन आता पूर्ण भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. भिन्न मजकुरांतून एकच मूल्य निर्माण करता येते, हे अनुक्रमे २००४ आणि २०१७ साली प्रत्यक्ष दाखविण्यात आले आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. हॅश मूल्य ते काढल्यानंतरच्या काळाची हमी देते, आधीच्या काळाची देत नाही. समजा, जालन्याच्या त्या कार्यालयातील कॅमेऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे मागे असते, तर चित्रफितीचे हॅश मूल्य निर्दोष ठरले असते, प्रमाणपत्रावर दोन सह्या झाल्या असत्या आणि मुदतीविषयीची साक्ष खोटीच राहिली असती.

म्हणून ग्राह्यता आणि प्रमाणमूल्य यांचे निष्कर्ष निकालपत्रात वेगवेगळे नोंदविले जाणे आवश्यक आहे. अभिलेखातील मजकूर प्रामाणिकपणे विवादित असेल तेथे प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यास साक्षीस बोलाविणे आणि प्रतिपक्षास अभिलेखाची प्रत, यंत्राच्या नोंदी व घड्याळाचा तपशील तपासू देणे, हा नित्याचा क्रम झाला पाहिजे. यास कायद्याची आडकाठी नाही. उणीव आहे ती सवयीची. मोहोर नसलेल्या एका ध्वनिफितीविषयी १९६७ साली जे प्रश्न विचारले गेले, तेच आज दोन सह्यांच्या प्रमाणपत्रासह आलेल्या चित्रफितीलाही विचारले गेले पाहिजेत.