मास्टर चॅनेलवरील प्रक्रिया आणि ध्वनिमिश्रकाची जबाबदारी : 'डेथ मॅग्नेटिक'च्या निमित्ताने

प्रास्ताविक : संगीताच्या ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू मराठी समीक्षेत क्वचितच विचारात घेतली जाते. अनेक ट्रॅकवर स्वतंत्रपणे मुद्रित झालेले आवाज ज्या मार्गाने अखेर एकत्र बाहेर पडतात, त्यास मास्टर चॅनेल म्हणतात. तेथे लावलेला इफेक्ट एकट्यादुकट्या वाद्यावर नव्हे, तर संपूर्ण गीतावर होतो. गायनाच्या ट्रॅकवरील कॉम्प्रेसर गायकाचाच आवाज आवरतो. मास्टर चॅनेलवरील कॉम्प्रेसर मात्र बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्यासरशी गायकालाही खाली दाबतो.

म्हणून तो वापरूच नये, असे मात्र नाही. सॉलिड स्टेट लॉजिक या ब्रिटिश कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मिश्रण-कन्सोलमध्येच असा कॉम्प्रेसर बसविला आणि पुढे तो रॉक व पॉप संगीताच्या नादाचा जणू घटकच बनला. २:१ वा ४:१ असे प्रमाण ठेवून दोन-तीन डेसिबलच दाब दिला, तर विखुरलेली वाद्ये एकजीव भासतात. तो मिश्रणाच्या आरंभापासून चालू असणे अधिक इष्ट, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण मग प्रत्येक फेडर त्याचा परिणाम ऐकतच हलविला जातो. सर्व तोल साधून झाल्यावर शेवटी तो लावणे म्हणजे साधलेला तोल पुन्हा यंत्राच्या स्वाधीन करणे होय.

लिमिटरची गोष्ट निराळी. केवळ आवाज मोठा करण्यासाठी तो मास्टर चॅनेलवर लावला, की ध्वनीची शिखरे छाटली जातात आणि छाटलेले शिखर पुढे कोणालाही जसेच्या तसे परत आणता येत नाही. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा, रिक रुबिन निर्मित 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह सप्टेंबर २००८ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर आला. याच गीतांची 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी दिलेली आवृत्ती अंतिम दाबप्रक्रियेपूर्वीच्या ध्वनीवर आधारलेली होती. श्रोत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या. खेळातील ढोल मोकळे, सीडीवरील ढोल चिरडलेले! हजारोंनी स्वाक्षऱ्या करून फेरमिश्रणाची मागणी केली.

दोष स्वाभाविकपणेच मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सेन यांच्याकडे गेला. परंतु मिश्रणे आपल्या हाती आली तेव्हाच ती कमालीची दाबलेली होती, अशा आशयाचे त्यांचे पत्र उघड झाले. येथे खरा पेच आहे. मास्टरिंग ही स्वतंत्र कानांनी करावयाची अखेरची तपासणी असते. मिश्रकाने तिचे काम आधीच उरकले, तर तपासणाऱ्यास शिल्लक काय राहते? घाऊक खरेदीदाराने पोत्याचे तोंड शिवूनच माल तोलाईस पाठवावा, तसा हा प्रकार झाला.

मोठ्या आवाजाचा हा लाभदेखील पुढे टिकला नाही. ध्वनीची जाणवणारी पातळी मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ मध्ये आले आणि त्याच पद्धतीच्या आधारे आज स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गीते साधारण समान पातळीवर, उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून ऐकवितात. त्या पातळीवर 'डेथ मॅग्नेटिक' इतर संग्रहांहून मोठा ऐकू येत नाही. ढोलाच्या ठोक्यांवरील खरखर मात्र तशीच राहते.