हौशी रेडिओवरील शीघ्र अंकीय संदेशपद्धतींच्या कसोट्या : एक भाषावैज्ञानिक चिकित्सा

कोणत्याही संदेशपद्धतीचे मूल्यमापन करताना ती संदेश किती वेगाने पोहोचविते, हा प्रश्न साहजिकच प्रथम उपस्थित होतो. परंतु वेग मोजावयाचा तो कशाचा, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. हौशी रेडिओच्या क्षेत्रात शीघ्र अंकीय पद्धतींच्या ज्या कसोट्या रूढ आहेत, त्यांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर काटेकोरपणे दिलेले असते. दुसरा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. ज्यांना मराठीतून संदेश पाठवावयाचा आहे त्यांच्या दृष्टीने ही उणीव केवळ तात्त्विक नव्हे. नागपुरातून पाहिले असता ती दोन बाजूंनी जाणवते. कसोटीस लावलेला मजकूर मराठी नसतो, आणि कसोटीसाठी गृहीत धरलेले आकाश या अक्षांशाचे नसते.

हौशी रेडिओचालक म्हणजे शासनाचा परवाना घेऊन, अर्थलाभाचा हेतू न ठेवता, नेमून दिलेल्या लहरींवर संदेशवहनाचे प्रयोग करणारा मनुष्य. मोर्सच्या कडकट्टापासून आरंभ झालेल्या या प्रयोगांत पुढे टेलिप्रिंटरचा पाच बिटांचा संकेत आला, आणि नंतर सेकंदास १२०० व ९६०० बिट नेणारी पुडके-पद्धती म्हणजे पॅकेट रेडिओ आला. १९९८ साली पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके-३१ ही पद्धती प्रसृत केली, तर २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांची एफटी-८ आली. पॅक्टर, व्हारा यांसारख्या पद्धती लघुलहरींवर एका ध्वनिवाहिनीएवढ्या अरुंद पट्ट्यातून सेकंदास काही हजार बिट नेऊ शकतात. आकाशस्थिती बिघडली की त्या आपला वेग आपोआप उतरवितात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने हौशी लघुलहरींवरील ३०० बॉडची जुनी मर्यादा काढून तिच्या जागी २.८ किलोहर्ट्‌झ रुंदीची मर्यादा घातली. त्यामुळे या शीघ्र पद्धतींना अधिकच चालना मिळाली. अशा वेळी त्यांच्या कसोटीची भाषिक बाजू तपासणे अगत्याचे ठरते.

संकेत हा भाषानिरपेक्ष असतो, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. मोर्सच्या संकेतात इंग्रजी 'ई' या अक्षरास एकच टिंब मिळाले आहे, कारण इंग्रजी लेखनात ते अक्षर सर्वांत अधिक वेळा येते. मार्टिनेझ यांनी हेच तत्त्व स्वीकारून वारंवार येणार्‍या अक्षरांना आखूड व विरळ अक्षरांना लांब संकेत दिले. त्यांच्या कोष्टकात 'ई'ला दोन बिट पुरतात, 'ए'ला चार लागतात, आणि 'के'ला आठ. ज्या भाषेत 'क' हा प्रत्येक वाक्यात भेटणारा वर्ण आहे, ती भाषा या कोष्टकाने चालविली तर तिच्यावर पडणारा भार इंग्रजीवर पडणार्‍या भाराहून निराळा असणार, हे उघड आहे. एफटी-८ मध्ये पंधरा सेकंदांच्या एका पाळीत मुक्त मजकुराची तेराच अक्षरे बसतात, आणि तीही बेचाळीस चिन्हांच्या ठरावीक संचातून निवडावी लागतात. त्या संचात देवनागरीचे एकही चिन्ह नाही. ज्या कामासाठी ती पद्धती योजली आहे त्या कामापुरता हा दोष नव्हे. परंतु तिची कार्यक्षमता सर्वसामान्य 'संदेशवहना'ची कार्यक्षमता म्हणून मांडली जाते, तेव्हा तो दोष होतो.

शीघ्र पद्धतींची स्थिती वेगळी आहे. त्यांना लिपी कळत नाही. त्या केवळ बाइट वाहून नेतात. म्हणून त्यांच्याबाबत प्रश्न असा पडतो की, मराठी वाक्याचे किती बाइट होतात? मदत-शिबिरातून सहज जाऊ शकेल असे एक वाक्य घ्यावे : 'दोन आचार्‍यांना शिबिरात पाठवा'. यात देवनागरीची, जोडणारे अदृश्य चिन्ह धरून, सव्वीस चिन्हे आणि तीन मोकळ्या जागा आहेत. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतरूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे हे वाक्य ८१ बाइटांचे होते. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात प्रत्येक चिन्हास एकच बाइट असल्याने तेच वाक्य २९ बाइटांत मावते. रोमन लिपीत ते सुमारे ३० अक्षरांचे होते. संदेश तोच, यंत्र तेच, बिटांचा वेगही तोच. तरी पोहोचण्याचा काळ जवळजवळ तिप्पट. बिटांत मोजलेला वेग हे सत्य दाखवीतच नाही.

यावर कोणी म्हणेल की, सेकंदास १२०० बिट जात असता सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश फरकाचे एवढे काय? पद्धती पूर्ण वेगाने चालत असेल तोवर हा आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु आकाश बिघडून वेग सेकंदास तीस बिटांवर आला, तर ८१ बाइटांस साडेएकवीस सेकंदांहून अधिक आणि २९ बाइटांस पावणेआठ सेकंद लागतील. संदेश जितका वेळ हवेत राहील तितकी त्यावर क्षीणन येण्याची शक्यता वाढते, आणि तितकी पुनःप्रेषणेही वाढतात. लिपीचा हा भार सुकाळात जाणवत नाही. तो जाणवतो नेमका अडचणीच्या घडीला.

येथेच दुसरी उणीव पुढे येते. लघुलहरी दूर जातात त्या आयनांबरावरून परावर्तित होऊन, आणि आयनांबर सर्व अक्षांशांवर सारखे नसते. हौशी कसोट्यांत अनुकारकावर, म्हणजे कृत्रिम आकाशावर, बहुधा जुन्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतील प्रतिमाने वापरली जातात. त्यांतील 'वाईट' आकाशात लहरींच्या दोन मार्गांतील कालांतर दोन मिलिसेकंद आणि कंप्रतेचा विसार एक हर्ट्‌झ धरलेला असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एफ-१४८७ ही शिफारस पाहिली तर हे आकडे मध्य अक्षांशांवरील क्षुब्ध स्थितीचे आहेत असे दिसते. त्याच शिफारशीत कमी अक्षांशांवरील क्षुब्ध स्थितीसाठी सहा मिलिसेकंद आणि दहा हर्ट्‌झ हे आकडे दिले आहेत. म्हणजे युरोपात जी कसोटी कठोर म्हणून गणली जाते, ती येथील वाईट सायंकाळीच्या मानाने सौम्य ठरते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ साली थुंबा येथे अग्निबाण-केंद्र उभारण्याचे तेच एक मुख्य कारण होते. त्या विषुववृत्तापासून निघून आयनांची घनता जेथे शिगेस पोहोचते तो पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास येतो. एकवीस अक्षांशावरील नागपूर या दोहोंच्या मध्ये आहे, आणि सूर्यास्तानंतर आयनांबरात माजणारी अस्थिरता हा या संपूर्ण प्रदेशाचा विशेष आहे.

वेगापेक्षाही अर्थाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. चूक शोधून पुनःप्रेषण मागणार्‍या पद्धतींत संदेश उशिरा येतो, पण शुद्ध येतो. ज्या पद्धतींत ही सोय नाही, तेथे चुकांचे प्रमाण शेकडा अमुक अक्षरे असे मोजले जाते. ही गणना सर्व चुका समान मानते. देवनागरीच्या संकेतावलीत वर्ण हे वर्णमालेच्या क्रमाने लावले आहेत. शास्त्रीय दृष्ट्या ही रचना स्पृहणीय आहे. परंतु तिचा परिणाम असा की, उच्चारात शेजारी असलेले वर्ण बिटांतही अनेकदा शेजारी येतात. 'त' आणि 'थ', 'द' आणि 'ध', 'प' आणि 'फ', 'ल' आणि 'ळ' या जोड्यांत एकाच बिटाचा फरक आहे. 'ा' आणि 'ि' या मात्रांतही तेवढाच. एक बिट उलटला की 'सात' या संख्येची 'साथ' होते, 'काल'चा 'काळ' होतो, 'दान'चा 'दिन' होतो. अशा चुकीतून निरर्थक शब्द निघाला असता तर वाचणार्‍याने ती ओळखली असती. येथे एक अर्थपूर्ण शब्द जाऊन दुसरा अर्थपूर्ण शब्द येतो, आणि 'सात रुग्ण' व 'साथ' यांतील भेद आरोग्यपथकाच्या दृष्टीने सामान्य नव्हे.

मग रोमन लिपीच का वापरू नये, असा सूचक प्रश्न नेहमी केला जातो. त्याचे उत्तर वरील वाक्यातच आहे. 'आचार्‍यांना' म्हणजे स्वयंपाक करणार्‍यांना, आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना. रोमन लेखनात दोन्ही एकरूप होतात. 'माल', 'माळ' आणि 'मळ' यांचीही तीच गत. दुसरा उपाय संक्षेपणाचा. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिले दोन बहुतांशी तेच ते असल्याने लांब मजकुरात संक्षेपणाने हा भार बराच उतरतो, हे खरे. तथापि सामान्य संक्षेपण पुनरावृत्तीवर जगते, आणि एका ओळीच्या संदेशात पुनरावृत्तीस अवसर नसतो. याउलट युनिकोडचीच जी प्रमाणित संक्षेपयोजना आहे, तिच्यात देवनागरीसाठी आधीच एक खिडकी राखून ठेवलेली आहे. तिने वरील वाक्य ३१ बाइटांत बसते. उपाय उपलब्ध आहे, परंतु ज्या कसोटीत मराठी वाक्यच नाही तिला त्याची गरज भासत नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील उद्योगाची वाण आहे असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला होता. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह अवकाशात गेला. हौशी पट्ट्यातून एका ठिकाणचा संदेश घेऊन तो दुसर्‍या ठिकाणी देणे हे त्याचे कार्य होते. निकष म्हणून 'संदेश पोहोचला काय' हा प्रश्न पुढे ठेवणारा तो प्रयोग होता, आणि या दृष्टीने तो अनुकरणीय आहे.

तेव्हा कसोटीत तीन सुधारणा आवश्यक दिसतात. पहिली, बिटांबरोबरच 'मिनिटास शुद्ध पोहोचलेली अक्षरे' हे माप द्यावे, आणि अक्षर या संज्ञेने जोडाक्षर व मात्रा यांसह संपूर्ण अक्षर घ्यावे. दुसरी, अनुकारकावर कमी अक्षांशांचे प्रतिमान लावावे, आणि नागपूर-गडचिरोली यांसारख्या जवळच्या व नागपूर-मुंबई यांसारख्या दूरच्या मार्गांवर सूर्यास्तानंतर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. तिसरी, मराठी वर्णांच्या वारंवारतेवर आधारलेला आखूड संकेत तयार करून तो प्रसिद्ध करावा. अर्थ लपविण्यासाठी संकेत वापरण्यास आंतरराष्ट्रीय रेडिओ-नियमांची मनाई आहे. प्रसिद्ध केलेल्या कोष्टकास ती बाधत नाही. पहिली दोन कामे मुख्यतः अभियंत्यांची आहेत. तिसरे मात्र भाषाविज्ञानाच्या विभागांचेच आहे, कारण वारंवारता मोजावयाची ती छापील ग्रंथांतील मराठीची नव्हे, तर तातडीच्या वेळी लिहिल्या जाणार्‍या त्रोटक मराठीची, आणि असा नमुनासंग्रह भाषेच्या अभ्यासकानेच सिद्ध करावयाचा असतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा रात्री वस्तीतून निघणारा निरोप मराठीत असतो, घाईत लिहिलेला असतो, आणि तो एकाच वाचनात बरोबर समजावा लागतो. ज्या कसोटीत असा निरोप कधी लावलेलाच नाही, तिच्या आधारे कोणतीही पद्धती येथे शीघ्र आहे किंवा विश्वसनीय आहे, असा निर्णय देता येत नाही.