साक्षीदार चार, माहिती एकच

‘एकच एपिसोड बघते आणि अभ्यासाला बसते’ असं म्हणून रात्री थ्रिलर लावणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. छोटं गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि एक दिवस कुणीतरी नाहीसं होतं. याच साच्यातली गोष्ट आपण दहाव्यांदा का बघतो?

नेहमीचं उत्तर असं की, शांत गावाच्या पोटात काय दडलंय ते कळायला मजा येते. मला हे अपुरं वाटतं. दडलेलं तर शहरातही असतं. छोट्या गावाचं वेगळेपण असं की तिथं माहितीचा सुकाळ असतो. कोण किती वाजताच्या बसनं गेलं, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, सगळं सगळ्यांना ठाऊक. अडचण एवढीच, की ही माहिती एकमेकांत मिसळलेली असते आणि तिची किंमत सांगणाऱ्याच्या नावावर ठरते. गूढ तयार होतं ते इथं.

‘दृश्यम’ घ्या. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम सिनेमा २०१३चा. तो केरळातल्या राजाक्काडमध्ये घडतो. २०१५ मध्ये निशिकांत कामतनं तो हिंदीत केला आणि गोव्यात आणला. (पुढे शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. बघितला नसेल तर आधी बघून या.)

केबलचा धंदा करणारा विजय साळगावकर. त्याच्या घरात २ ऑक्टोबरच्या रात्री एक मुलगा मरतो. त्यानंतर विजय घरच्यांना पणजीला घेऊन जातो. काही दिवसांनी त्याच बस कंडक्टरला, हॉटेलवाल्याला, थिएटरवाल्याला पुन्हा भेटतो आणि गप्पांच्या ओघात ‘२ ऑक्टोबर’ ही तारीख त्यांच्या डोक्यात सोडून येतो. पुढे पोलीस विचारतात तेव्हा सगळे ठामपणे सांगतात, हो, २ तारखेलाच आले होते. यातला कुणीही खोटं बोलत नाहीये. तरी सगळ्यांचं चुकीचं आहे.

आता दुसरी बाजू बघा. विजयला त्या मुलाची पिवळी गाडी चालवताना प्रत्यक्ष पाहिलंय ते सबइन्स्पेक्टर गायतोंडेनं (कमलेश सावंत). तो अगदी खरं सांगतोय. पण तो लाचखोर, विजयशी त्याचं वैर जगजाहीर. त्यामुळे गाव त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. दुसरी खरं बोलणारी विजयची धाकटी मुलगी अनू. मार खाऊन ती जागा दाखवते. पोलीस खणतात, तर आत मेलेलं जनावर! प्रेत विजयनं आधीच हलवलेलं. विधान खरं होतं, पण तपासणीत नापास झालं.

म्हणजे या सिनेमात सज्जन माणसं चुकीचं सांगतात आणि बदनाम माणूस बरोबर सांगतो. हे छोट्या गावाशिवाय जमलं नसतं, कारण तिथं माणसाची पत हाच पुरावा असतो.

हे पटकथाकाराचं कल्पित आहे असं वाटत असेल तर १९७४चा एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा प्रयोग आठवा. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. एका गटाला प्रश्न विचारताना ‘धडकल्या’ असा शब्द वापरला, दुसऱ्याला ‘चक्काचूर होईपर्यंत आदळल्या’ अशा अर्थाचा. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? पहिल्या गटात ५०पैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यात ५०पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. विजयनं एक तारीख पेरली, इथं एका क्रियापदानं काम केलं.

२०१३ मध्येच इंग्लंडमध्ये आलेली ‘ब्रॉडचर्च’ मालिका हाच धागा उलटीकडून पकडते. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचं गाव. तपास करणारी एली मिलर तिथलीच, सगळ्यांना ओळखणारी. तिला गुन्हेगार दिसत नाही, कारण तो तिच्याच घरात आहे. ओळख हेच तिचं बलस्थान, आणि तिथंच तिची नजर चुकते.

माझ्या मते ‘दृश्यम’ इथं थोडा कमी पडतो. गायतोंडे इतका काळाकुट्ट रंगवलाय की ‘अरे, हा तर बरोबर बोलतोय’ ही टोचणी प्रेक्षकाला लागतच नाही. तो लहान मुलीला मारतो आणि आपण निश्चिंतपणे विजयच्या बाजूला जाऊन बसतो. म्हणजे गावकऱ्यांनी केली तीच चूक आपणही करतो, फक्त दिग्दर्शक ती आपल्याला जाणवू देत नाही. एलीच्या बाबतीत मात्र ती जाणवते, आणि म्हणून जास्त लागते.

तुम्ही संशोधनाकडे निघालाय म्हणून हे एवढं लिहिलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एकाच फ्लास्कमधून सहा नमुने काढले आणि ग्रुप मीटिंगमध्ये ‘सहा रेप्लिकेट्स, सगळे जुळतात’ म्हणून अभिमानानं दाखवले. सुपरवायझरनी एकच विचारलं, “फ्लास्क किती होते?” माझे सहा नमुने म्हणजे ते पणजीचे साक्षीदार होते. त्यांचं एकमत होणारच होतं.

वाचनातही हेच होतं. दहा पेपर एकच गोष्ट सांगतात म्हणून आपण ती पक्की धरतो; संदर्भ मागे मागे नेले की कधीकधी दहाही एकाच जुन्या पेपरपाशी येऊन थांबतात. आणि ज्याचं नाव मोठं नाही त्याचा न जुळणारा निष्कर्ष आपण न वाचताच बाजूला सारतो.

पुढच्या वेळी असा थ्रिलर लावाल तेव्हा खुनी कोण हे ओळखायच्या आधी एक करून बघा. प्रत्येक साक्षीदारापुढे लिहा: याला हे कुठून कळलं? आणि मग हाच कागद तुमच्या स्वतःच्या डेटाशेजारी ठेवा.