चूकभूल द्यावी घ्यावी

मी समीक्षक नाही, बी.कॉम. आहे. मराठी साहित्याशी माझा शैक्षणिक संबंध बारावीला सुटला आणि त्यानंतर जे गद्य नेमानं वाचलं ते बँकेच्या हेड ऑफिसातून येणाऱ्या सर्क्युलरांचं. पण वीस वर्षं सर्क्युलरं वाचली की माणसाला एक नाक येतं. कुठलं वाक्य काम सांगायला लिहिलंय आणि कुठलं हात झटकायला, हे वासावरून कळू लागतं. तेवढ्या भांडवलावर मी आज एका कृतीचं परीक्षण करायला बसलो आहे. कृती इंग्रजीत आहे, तीसेक ओळींची आहे, आणि काळ्या पडद्यावर प्रसिद्ध झाली आहे. लोक तिला 'एरर' म्हणतात. साहित्यप्रकार म्हणून तिच्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

आधी प्रकाशनाची हकिकत सांगतो. आमच्या सोसायटीत बावीस बिऱ्हाडं आणि एक खजिनदार. बँकेतला माणूस म्हणजे याला हिशेब येत असणार, या गैरसमजातून खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. मेंटेनन्सची बिलं काढायला चिरंजिवांनी मागं एका सुट्टीत पायथन नावाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. पुढे लॅपटॉपनं राम म्हटला, डिस्क बदलावी लागली, आणि दिवाळीला चिरंजीव हॉस्टेलवरून आले तेव्हा त्यांनी नव्या डिस्कवर विंडोजऐवजी उबुंटू घातलं. ("बाबा, हे फुकट आहे." या वाक्यानंतर मी वाद घालत नाही.) जाताना म्हणाले, "एकच लायब्ररी इन्स्टॉल करायची राहिलीय. एक ओळ टाइप कर, एन्टर दाब. झालं."

लायब्ररी म्हटल्यावर आमच्या सौ.नी विचारलं, "डिपॉझिट किती?"

पहिली तारीख तीन दिवसांवर आली होती. बिलं गेली नाहीत तर पैसे येत नाहीत, पैसे आले नाहीत तर सात तारखेला वॉचमनचा पगार निघत नाही, आणि तो वॉचमन सकाळ-संध्याकाळ मला नमस्कार करतो. तेव्हा रात्री जेवणं उरकल्यावर मी ती ओळ टाइप केली. 'पिप इन्स्टॉल मायएसक्यूएलक्लायंट.' एन्टर दाबला. आणि कृती अवतरली.

सुरुवात आश्वासक आहे. 'गोळा करतो आहे', 'उतरवून घेतो आहे', अशी कामसू वाक्यं एकामागून एक येतात. मग एकाएकी फुली उमटते आणि मजकूर येतो की, व्हील बनवायला काय काय लागेल ही चौकशीच पार पडली नाही. व्हील म्हणजे चाक. मला लगेच कर्ण आठवला. ऐन युद्धात चाक रुतलं म्हणजे पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं.

हे चाक मात्र रथाचं नव्हे, चीजचं निघालं. पायथनचं नाव सापावरून नाही. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ही भाषा १९९१ साली लोकांपुढे आणली आणि नाव घेतलं माँटी पायथन या इंग्रज विनोदवीरांच्या टोळीवरून. त्यांचं १९७२ सालचं एक प्रहसन आहे. गिऱ्हाईक चीजच्या दुकानात शिरतं, एकेका चीजचं नाव घेत जातं, आणि दुकानदाराकडे त्यातलं एकही नसतं. पुढे पायथनच्या लायब्रऱ्यांचं जे मोठं भांडार झालं, त्याला जाणकारांनी गमतीनं चीज शॉप हेच नाव ठेवलं होतं. चीजच्या दुकानातला माल, म्हणून तयार पुडक्याचं नाव व्हील. विनोद चांगलाच आहे. फक्त त्यातलं गिऱ्हाईक आपण आहोत हे कळायला मला तीन रात्री लागल्या.

व्हील म्हणजे तयार चकली. पुडा फोडायचा आणि खायची. विंडोजवाल्यांना ही मायएसक्यूएलक्लायंटची चकली तयार मिळते. उबुंटूवाल्यांना भांडारातून भाजणी येते आणि चकली घरी पाडून घ्या म्हणतात. ती पाडायला सोऱ्या लागतो, कढई लागते, तेल लागतं. यातलं आपल्या घरी काय नाही, हे सांगणं हा या कृतीचा आशय. त्या तीस ओळी एवढ्याचसाठी आहेत.

आता अभिव्यक्तीकडे वळू. पहिल्या रात्री मी अडाण्यासारखा शेवट आधी वाचला. शेवटी दोन वाक्यं आहेत. एक म्हणतं, योग्य नाव सापडत नाही, तेव्हा अमुक आणि तमुक ही दोन चलं तुम्हीच हातानं भरा. त्या दोन चलांची नावं आमच्या सोसायटीच्या नोंदणी क्रमांकाएवढी लांब आहेत. मी सरळ माणूस. छापील सूचना पाळायची हा वीस वर्षांचा संस्कार. ती भरण्यात माझी एक रात्र गेली. त्याखालचं वाक्य तर अमर आहे. ही चूक पोटप्रक्रियेतून उद्भवली असून, पिपचा तिच्याशी बहुधा संबंध नाही! एकदा सांगून समाधान झालं नाही म्हणून चार ओळींनंतर पुन्हा तेच. एवढा मनापासून लिहिलेला खुलासा मी आमच्या खात्यातसुद्धा वाचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी चिरंजिवांचा निरोप आला. त्यांची परीक्षा चालू होती, म्हणून निरोप त्रोटक होता. "बाबा, शेवट नको वाचूस. मधलं वाच. पहिलं 'नॉट फाउंड' शोध."

मधलं वाचलं. तिथं लिहिलं होतं, पीकेजी-कॉन्फिग सापडत नाही. हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. कुठली लायब्ररी यंत्रात कुठे ठेवली आहे, हे विचारणाऱ्याला सांगणं एवढंच त्याचं काम. तो बसवला, पुन्हा एन्टर दाबला, आणि पुन्हा तीच कृती, तोच शेवट, तीच दोन लांब नावं. मी हताश झालो. पण ताळेबंदात एका पैशाचा फरक शोधलेला माणूस आहे मी. दोन्ही पाठ शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली, तेव्हा पाठभेद सापडला. पहिल्यात १२७ हा आकडा होता, दुसऱ्यात १.

जाणकार म्हणतात की, सगळा अर्थ या आकड्यातच आहे. १२७ म्हणजे ज्या शिपायाला विचारायला पाठवलं, तो शिपाईच नेमलेला नाही. १ म्हणजे शिपाई गेला, तीन-चार नावांनी हाका मारून आला, पण घरात कोणी नाही. इतका मोठा फरक, आणि लेखकानं तो एका आकड्यात दडवून खाली दोन्हींना एकच उपसंहार जोडला आहे. यमकासाठी अर्थ मारलेला मी पाहिला आहे. इथं तर यमकही नाही.

घरात कोणी नव्हतं ते आणायचं, तर त्याचं नाव 'डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह'. हे नाव कृतीत कुठेही नाही. एररमध्ये येतं फाइलचं नाव आणि आणायचं असतं पॅकेजचं. बंडूला शोधत गावभर फिरावं आणि रेशनकार्डावर तो दत्तात्रय निघावा, तशी गत. (पुढचे दत्तात्रयही निरोपांतूनच आले.) ते आणलं. मग नवी कृती आली की, जीसीसी नाही. म्हणजे सोऱ्याच नाही. मूळ लायब्ररी सी भाषेतली. ही भाषा बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली, म्हणजे ते चीजचं दुकान आणि हा सोऱ्या एकाच वयाचे. 'बिल्ड-इसेन्शियल' नावाच्या गाठोड्यात सोऱ्या मिळाला. एन्टर.

'पायथन.एच : अशी फाइल किंवा फोल्डर नाही. संकलन थांबवले.'

इथं मात्र मी खुर्चीतून उठलो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. पायथन नाही? अरे, गेल्या तीन रात्री माझ्याशी जे बोलतंय ते पायथनच ना? याचं उत्तर मला नंतर कळलं आणि बँकेतला असल्यामुळे चटकन पटलं. नुसता चालवायला लागतो तो पायथन यंत्रात असतो. त्याच्या अंगावर दुसरं काही जोडायचं तर त्याच्या सह्यांचे नमुने लागतात, म्हणजे कोणतं काम कोणत्या नावानं मागायचं आणि सोबत काय द्यायचं ते. हे नमुने 'एच' फाइलींत असतात. सगळ्यांनाच ते लागत नाहीत, म्हणून उबुंटू ते 'डेव्ह' नावाच्या वेगळ्या पुडक्यात ठेवतं. खातेदार स्वतः काउंटरसमोर उभा आहे, खात्यात पैसेही आहेत, पण नमुना सहीचं कार्ड फाइलीत नाही. पैसे मिळत नाहीत. बरोबरच आहे.

पण त्या क्षणी हे काही माहीत नव्हतं. मी लॅपटॉपपुढे हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "साहेब, आता पाचवं काही असेल तर आजच सांगा."

आणि गप्प झालो. कारण हे वाक्य माझं नव्हतं.

आमच्या काउंटरवर एक बाई आल्या होत्या. पोळ्या लाटण्याची कामं करायच्या. यजमान वारले, त्यांच्या खात्यात थोडे पैसे, नॉमिनी या. पहिल्या खेपेला मी सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा. आणला. मग म्हटलं, दावा अर्ज भरा, साक्षीदाराची सही आणा. आणली. मग म्हटलं, तुमच्या ओळखपत्राची प्रत. मग पासबुक. यातलं एकही मी खोटं सांगितलं नाही आणि एकही जादा मागितलं नाही. फक्त जे आधी अडलं ते सांगितलं आणि तिथं थांबलो. दर खेपेला वर एक वाक्य जोडलं, "हा नियम आमचा नाही हो, वरून आलाय." चौथ्या खेपेला त्या ते वाक्य बोलल्या. रागानं नाही, खरोखरच माहिती म्हणून विचारलं. मला मात्र राग आला होता, हे स्पष्ट आठवतं. पाचवं होतंच. पैसे वळते करायला त्यांचं स्वतःचं खातं नव्हतं. प्रत्येक खेपेला त्यांचा अर्धा दिवस बुडत होता, हे मला पाचव्या खेपेला कळलं आणि तेही त्यांनी सांगितलं नाही, शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं.

असो. परीक्षणाकडे येतो.

पिपची बाजूही मांडायला हवी. त्याच्या वहीत पायथनची पॅकेजं तेवढी नोंदलेली असतात. कुणाला कोण लागतं हे त्या वहीपुरतं तो चोख सांभाळतो. सी भाषेतल्या लायब्रऱ्या उबुंटूच्या खात्यात येतात आणि तिथला कारभारी 'ॲप्ट' वेगळा. दोघांच्या वह्या एकमेकींशी कधी ताडल्या जात नाहीत. तेव्हा संबंध नाही म्हणतो ते खरंच आहे. माझी तक्रार खरेपणाबद्दल नाही, जागेबद्दल आहे. हात झटकणारं वाक्य शेवटी ठळक आणि काम सांगणारं वाक्य मध्ये कोंबलेलं, ही मांडणी चुकली.

बरं, याहून चांगलं लिहिताच येत नाही असं नाही. युनिक्समधला 'एड' हा जुना संपादक चूक झाली की नुसतं प्रश्नचिन्ह छापतो. निदान उपदेश तरी करत नाही. एलएक्सएमएल नावाच्या लायब्ररीचा कर्ता अमुक दोन डेव्हलपमेंट पॅकेजं आहेत ना ते कृपया पाहा, असं नावानिशी लिहितो आणि त्यात 'प्लीज' आहे. पोस्टग्रेसवाल्यांची सायकोपीजी२ तर म्हणते, घरी पाडायची नसेल तर अमुक नावाची तयारही मिळते. हे लेखक वाचकाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून लिहितात.

आणि आता माझा कमीपणा. चौथी वस्तू, 'पायथन३-डेव्ह', आणल्यावर 'यशस्वीरीत्या बसवले' अशी एका ओळीची सुखान्तिका छापून आली. मग उत्साहाच्या भरात मी त्या लायब्ररीचं माहितीपत्रक उघडलं. त्याचं नाव रीडमी. 'मला वाचा' अशी याहून केविलवाणी विनवणी कुठल्या पुस्तकानं केली नसेल. त्यात उबुंटूवाल्यांसाठी एकच ओळ होती आणि तीत चारही नावं एकाशेजारी एक दिलेली होती. माझ्या तीन रात्री एका ओळीत. आमच्या शाखेतही दाव्याला लागणाऱ्या कागदांची यादी भिंतीवर लावलेली आहे. तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं आहे. ते मीच टांगलं.

दुसऱ्या दिवशी ते खाली उतरवलं. खिळा एकच असल्यामुळे सध्या शाखेत कॅलेंडर नाही आणि लोक मला तारीख विचारतात.

बिलांचं काय झालं म्हणाल, तर त्याच रात्री मी प्रोग्रॅम चालवला. नवी कृती आली. २००२ : मायएसक्यूएलच्या सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. कसा होणार? मी क्लायंट बसवला होता. सर्व्हर वेगळा बसवायचा असतो. पाचवं होतंच. त्याची एक ओळ चिरंजिवांनी सकाळी पाठवली आणि पुढच्या महिन्यापासून सगळं सुरळीत आहे. पण तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि पहिली तारीख लागली होती. मी कपाटातून कार्बन पेपर काढला आणि बावीस बिलं हातानं लिहिली.

सकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बिल उलटसुलट करून पाहिलं. "काय हो, कॉम्प्युटर बिघडला का?"

"नाही," म्हटलं, "कॉम्प्युटरचा याच्याशी बहुधा संबंध नाही."